पीक फ्लो मीटर की स्पायरोमेट्री?
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या धुरळ्यात काम करणाऱ्याला दम लागायला लागला, तर आधी स्पायरोमेट्रीच करावी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग जीव खाऊन फुंकर. शेजारी टेक्निशियन ‘अजून, अजून, सोडा!’ म्हणून ओरडतच असतो. एकूण किती हवा सुटली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे कळतं. हे प्रमाण ७० टक्क्यांखाली आलं, तर श्वासनलिका आकसल्याचा संशय. पीक फ्लो मीटर फुंकरीचा फक्त सर्वाधिक वेग दाखवतो, लिटर प्रति मिनिटात. स्वस्त, पिशवीत मावणारा. दमेकऱ्याने सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवायला उत्तम. निदानाला मात्र अपुरा. पूर्ण फुंकल्यावरही फुप्फुसात सव्वा लिटरच्या आसपास हवा उरतेच; ती दोन्हींना मोजता येत नाही.