चिमण्यांसाठी बागेत काय लावायचं: लाकडी पेटी की मडकं?

आमच्या कॉलनीच्या बागेत घरटी लावायची ठरली आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत दोन तट पडले. शेवटी शेजारच्या काकांनी मलाच विचारलं, "पेटी घेऊया की मडकं?"

खर्चात मडकं सरस. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आधी सांगून ठेवावं, म्हणजे माती ओली असतानाच भोक पाडून घेता येतं.

टिकण्याचं म्हणाल, तर आपल्याकडचा पाऊस प्लायवूडला सोडत नाही. मागच्या वर्षीची एक पेटी मी उतरवली, तर तळाचे थर पापडासारखे हातात आले. सागवानी फळी मात्र टिकते. भाजलेल्या मडक्याला पावसाचं भय नाही. पोरांच्या चेंडूचं आहे.

माझ्या मते खरा प्रश्न सफाईचा आहे. पिल्लं उडाली की जुनं गवत, पिसं, किडे काढावेच लागतात. पेटीची एक बाजू बिजागरीवर उघडते. मडक्यात हातच जात नाही, चिमट्याने ओढत बसावं लागतं.

दोन्हींत भोक 32 मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे साळुंकी शिरत नाही. तळाला बारीक छिद्रं हवीत, बाहेर दांडी नको. मोसमी पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला करा.

वर्षातून एकदा शिडी लावणारं माणूस असेल, तर सागवानी पेटी पहारेकऱ्याच्या खोलीच्या भिंतीला घट्ट ठोका. वर्गणी थोडी जमली असेल आणि मडकं फुटलं की बदलायची तयारी असेल, तर चेंडूपासून लांब, वळचणीखाली मडकी बांधा. काकांना मी पेटीच सांगितली.