मॅग्नेशिअम ग्लायसिनेट: सात महिने घेतल्यावर

वय ४६, सुरुवातीला वजन ८४ किलो, प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या उंबरठ्यावरची साखर), त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू. मॅग्नेशिअम घेतलं ते मात्र शुगरसाठी नाही, रात्री पोटरीत वांब यायचे म्हणून. वांब आजही येतात, हे आधीच सांगून टाकते.

पहिले पंधरा दिवस मेडिकलमधून आणलेलं मॅग्नेशिअम ऑक्साइड घेतलं. स्वस्त होतं. पण मेटफॉर्मिनने पोट आधीच हळवं झालेलं, त्यात हे. एकदा तर ठाण्याला लोकलमधून मधेच उतरून धावावं लागलं. ऑक्साइडमध्ये ६० टक्के मॅग्नेशिअम असतं खरं, पण अंगी लागतं फार थोडं. बाकीचं आतड्यात पाणी ओढतं. बद्धकोष्ठावरचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया त्याचंच सख्खं भावंड.

मग ग्लायसिनेटवर आले. पोट शांत. डबीवर पुढे ठळक १००० मिग्रॅ, त्यामुळे दोन महिने मी खुशीत. एका रविवारी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: एलिमेंटल, म्हणजे निव्वळ मॅग्नेशिअम १४० मिग्रॅ, तेही दोन कॅप्सूल मिळून. मी घेत होते एक. म्हणजे सत्तर! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बाईची रोजची गरज ३७० मिग्रॅ आहे. डबीवर खोटं काहीच नाही, तरी फसल्यासारखं वाटलं. एक स्टार इथेच कापला.

दोन कॅप्सूल सुरू करण्याआधी रक्तातलं मॅग्नेशिअम तपासलं. २.० आलं, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "यावर फार जाऊ नका." अंगातल्या साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशिअमपैकी निम्म्याहून जास्त हाडांत, बरंचसं स्नायूंत, रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नाही. तिथला आकडा शरीर शेवटपर्यंत सांभाळून धरतं.

शुगरचा संबंध मला तेव्हा कळला. इन्सुलिन पेशीला चिकटल्यावर आत निरोप पोचवणारं जे एन्झाइम आहे, त्याला मॅग्नेशिअम लागतं. ते कमी पडलं की निरोप अर्धवट जातो, साखर रक्तातच राहते. साखर फार वाढली की लघवी जास्त होते आणि तिच्यासोबत मॅग्नेशिअमही जातं. शिवाय किडनीला मॅग्नेशिअम धरून ठेवायला इन्सुलिनचीच मदत होते, आणि आमच्यासारख्यांत नेमकं तेच नीट चालत नाही. मुळात कमी, त्यात गळती. मेटफॉर्मिनने जुलाब झाले तर आणखी.

आता माझे आकडे. उपाशीपोटी साखर १०८ वरून १०१, इन्सुलिन १८ वरून १४.५, म्हणजे होमा आयआर (या दोन आकड्यांवरून काढलेला, इन्सुलिनला शरीर किती दाद देत नाही ते सांगणारा आकडा) ४.८ वरून ३.६. वजन ८० किलो. श्रेय कॅप्सूलला देऊ का? नाही देववत. त्याच काळात रात्रीचा पांढरा भात बंद करून बाजरीची भाकरी आणि मूठभर भोपळ्याच्या बिया सुरू केल्या, जेवणानंतर सोसायटीत अर्धा तास चकरा. बाजरीत १०० ग्रॅमला शंभर मिग्रॅहून जास्त मॅग्नेशिअम. पॉलिश केलेल्या तांदळातलं बहुतेक कोंड्याबरोबर निघून जातं. मेक्सिकोत २००३ साली झालेल्या अभ्यासात मॅग्नेशिअमने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला होता, पण त्या लोकांच्या रक्तातच ते कमी होतं. माझं नव्हतं. "घे, वजन उतरेल" म्हणणाऱ्या मावशीला मी हेच ऐकवलं. तिला पटलं नाही.

थायरॉईडची गोळी आणि हे यांत चार तासांचं अंतर ठेवा. मी सकाळी ती, रात्री हे घेते. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण जास्तीचं बाहेर टाकायचं काम तिचंच. माझी चौथी डबी संपत आलीये. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट शुक्रवारी मिळेल, पाचवी मागवायची की नाही ते त्यानंतर.