स्पायना बायफिडा: पोटात असताना ऑपरेशन की जन्मल्यावर?

वैनीचा विसाव्या आठवड्याचा स्कॅन कोल्हापुरात राजारामपुरीत झाला. डॉक्टरांनी प्रोब बाळाच्या डोक्यावर बराच वेळ धरला आणि मग म्हणाले, डोक्याचा आकार लिंबासारखा दिसतोय, पाठीकडं नीट बघायला लागेल. घरी येईपर्यंत दादा एक शब्द बोलला नाही. पुढच्या काही आठवड्यांत विचारून, वाचून, पुण्या-मुंबईला फोन लावून आम्ही जे जमवलं ते इथं टाकतोय, कारण आता गडहिंग्लजच्या मित्राला तसाच रिपोर्ट आलाय आणि तो विचारतोय, काय करू.

आधी एक बघून घ्या, रिपोर्टमध्ये मायलोमेनिंगोसील लिहिलंय का. म्हणजे स्पायना बायफिडाचा उघडा प्रकार, कणा मागून मिटलेला नाही आणि मज्जारज्जू उघडा पडलाय. वरून कातडी धड असेल तर ही सगळी तुलना तुमच्यासाठी नाहीच.

मुळात पोटात असतानाच घाई का करायची? तर उघड्या नसा महिनोन् महिने गर्भजलात राहून आणखी खराब होत जातात, शिवाय पाठीतून पाणी झिरपत राहतं त्यामुळं मेंदूचा मागचा भाग खाली मानेत ओढला जातो, तिथं पाण्याची वाट अडते आणि डोक्यात पाणी साठतं. हे भोक लवकर बुजवलं तर ही साखळी मधेच तुटते, एवढाच हिशेब. ज्या नसा आधीच गेल्यात त्या परत येत नाहीत, हे मात्र दोन्ही ऑपरेशनला लागू, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही.

यावर सगळे डॉक्टर ज्याचं नाव घेतात तो अमेरिकेतला मॉम्स अभ्यास. २००३ ला चालू झाला, तीन सेंटर, कुणाचं ऑपरेशन आधी आणि कुणाचं नंतर हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. २०० बायका घ्यायच्या होत्या, पण फरक इतका दिसला की १८३ वर थांबवला आणि २०११ मध्ये निकाल छापला. वर्षाच्या आत शंट बसवायला लागलेली बाळं: पोटात ऑपरेशन झालेल्यांत ४० टक्के, जन्मल्यावर झालेल्यांत ८२ टक्के. शंट म्हणजे डोक्यातून पोटात पाणी सोडणारी नळी. ती एकदा बसवली की संपलं असं नसतं बरं का. ती तुंबते, इन्फेक्शन होतं, पोरगं रात्री उलट्या कराय लागलं की आधी पित्त का शंट हाच विचार डोक्यात येतो. आमच्या पुतण्याला, म्हणजे वैनीच्या या बाळाला, शंट आहे, म्हणून मला विचाराल तर या एका आकड्याला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देतो.

चालण्याचं म्हणाल तर अडीच वर्षांचं असताना कशाच्याही आधाराशिवाय चालणारी ४२ विरुद्ध २१ टक्के. तीच मुलं शाळेच्या वयाची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा स्प्लिंट-काठीशिवाय चालणारी २९ विरुद्ध ११. म्हणजे फायदा टिकतो, पण पोटात ऑपरेशन झालेल्यांतसुद्धा बहुतेकांना आधार लागतोच. लघवीसाठी रोज नळी घालायला लागणारी त्या वयात ६२ विरुद्ध ८७. रोजच्या वागण्या-शिकण्याच्या एकूण गुणांत फरक निघाला नाही.

आता आईचं. घरात बैठक बसली की आत्या, काका, मामा सगळे बाळाबद्दलच बोलत होते, वैनीच्या पोटाबद्दल कोण बोलेना. बाळ पोटात असताना पोट उघडून करायच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशय कापतात, आणि ते सिझेरियनच्या जागी नव्हे. त्यामुळं हे बाळ सिझरनंच, पुढचंही प्रत्येक सिझरनंच, आणि पुढच्या गरोदरपणात टाका फाटायची धास्ती. त्या अभ्यासात प्रसूतीच्या वेळी तिघींतल्या साधारण एकीचा टाका पातळ पडलेला नाहीतर उसवलेला निघाला. बाळं सरासरी ३४ आठवड्यांना झाली, दुसऱ्या गटात ३७ ला. पोटातल्या गटातली १३ टक्के तर ३० आठवड्यांच्या आतच. म्हणजे पाठीचं भलं केलं आणि फुप्फुसाचं दुखणं घेतलं, असंही होऊ शकतं. दुर्बिणीतून करायची पद्धत आहे, त्यात गर्भाशयाची चिरफाड कमी, काहींची नॉर्मल डिलिव्हरीही होते, पण पाणमोट लवकर फुटायची भीती तिथंही आहेच.

आणि हे आकडे निवडून घेतलेल्या बायकांचे आहेत. एकच बाळ, १९ ते २६ आठवड्यांच्या मधे, क्रोमोसोम नॉर्मल, आईचं वजन फार नाही, गर्भाशयाचं तोंड आखूड नाही. वैनी इथंच गळाली, तोंड आखूड निघालं. म्हणजे आम्ही निवडलं असं म्हणता येत नाही, आमच्यासाठी ठरलं. पुतण्याची पाठ जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी शिवली. आधीच ठरवून जिथं बाळांचा न्यूरोसर्जन आहे तिथंच डिलिव्हरी केली, म्हणून जमलं. जन्मल्यावरचं ऑपरेशन म्हणजे हलकं काम नव्हे, फक्त दवाखाना आधी ठरवायला पाहिजे, कळा सुरू झाल्यावर कोल्हापुरातून गाडी काढायची नाही.

पोटातल्या ऑपरेशनला हे अंतर आणखी नडतं. एकदा झालं की बाईला डिलिव्हरीपर्यंत त्या सेंटरच्या जवळच राहायला लागतं. खोली, सोबतीला कोणतरी, दादाची नोकरी, मोठी पोरगी असेल तर तिची शाळा. खर्च विचारताना हे सगळं धरून विचारा.

गर्भपाताचा विचार असेल तर तोही कॅलेंडरवरच चालतो. २०२१ च्या कायद्याबदलानंतर २४ आठवड्यांपुढं मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. त्यावर घरच्यांनी मत देऊ नये, मीही देत नाही.

मित्राला मी सांगितलं, शंट टाळायची संधी मोठी आहे, वैनी त्या अटींत बसत असती तर मी पोटातल्याकडं झुकलो असतो, पण पोट माझं नाही. त्याची बायको आज २१ आठवडे ३ दिवसांची आहे. सोमवारी दोघं पुण्याला फीटल मेडिसिनवाल्यांना, म्हणजे पोटातल्या बाळाच्या डॉक्टरांना, दाखवायला जातायत. एमआरआय झालाय, गर्भजलाचा रिपोर्ट अजून यायचाय.