विवेकनिष्ठ विचारपद्धतीची वही: गणपतीपासून आजपर्यंत वापरल्यावर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली, त्रासामागचे आपलेच विचार तपासून बदलायची ही पद्धत. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थेमुळे ती मराठीत चांगली रुजली आहे. मी गेल्या गणपतीनंतर वही घातली, अजून लिहितेय.

पानावर मांडणी साधी. ए म्हणजे घडलेला प्रसंग, बी म्हणजे त्याबद्दलची आपली धारणा, सी म्हणजे त्यातून आलेली भावना आणि वागणं. मग डी, म्हणजे त्या धारणेशी घातलेला वाद. शेवटी ई, नवा विचार.

मी पतसंस्थेत काम करते. एक सहकारी रोज कामाची वेळ संपता संपता व्हाउचरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायचा. मी गप्प बसायची आणि घरी येऊन मुलांवर ओरडायची. ए आणि सी लगेच लिहून झालं. बी सापडायला बरेच दिवस लागले: 'त्यानं माझ्या वेळेचा विचार केलाच पाहिजे, करत नाही म्हणजे माणूसच नालायक.' त्यानं विचार करावा ही माझी इच्छा रास्तच आहे. पण तो करेलच, असं कुणी लिहून दिलंय? आणि एका सवयीवरून अख्खा माणूस नालायक कसा ठरतो? हे कागदावर उतरल्यानंतर मी त्याला शांतपणे सांगू शकले, "पाचनंतर आलेली व्हाउचरं उद्या सकाळी घेईन." तो कुरकुरला. आता बहुतेक वेळा गठ्ठा चारलाच येतो.

इथे अनेकांची गल्लत होते. ही पद्धत काहीच वाटू नये असं म्हणत नाही. संतापाच्या जागी नाराजी, धास्तीच्या जागी काळजी, एवढंच ती मागते. नाराज माणूस बोलू शकतो. संतापलेला एक तर ओरडतो किंवा धुमसत राहतो.

भिडस्तपणावर मात्र वहीपेक्षा प्रत्यक्ष कृती जास्त लागू पडली. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी ठरवून बोलत गेले. जुळलं कुणाशीच नाही, पण भीती गेली. मी एसटीत शेजारणीशी आपणहून बोलायला लागले, दुकानात चार साड्या बघून काही न घेता बाहेर पडले. पहिल्यांदा कान तापले होते. आता पतसंस्थेच्या सभेत उठून प्रश्न विचारते.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. नवऱ्याला किंवा सासूबाईंना "तुमची धारणा अविवेकी आहे" असं कधीही ऐकवू नका; ही वही फक्त स्वतःसाठी आहे. आणि घरात मारहाण किंवा कामावर छळ होत असेल, तर तिथे आपल्या धारणा तपासत बसू नका, आधी मदत मागा. झोप-भूक उडाली असेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा.

सुरुवातीला कंटाळा येतो, बी चटकन सापडत नाही. ऐन रागात लिहायलाही जमत नाही. रात्री भांडी आवरून झाल्यावर, दिवसातला एकच प्रसंग घ्यायचा. साधी शंभर पानी वही पुरते.