कॉर्न स्नेक की रॅट स्नेक: पिल्लू घेण्याआधी

डब्याचं झाकण उघडलं की टेक्सास रॅट स्नेकचं पिल्लू मान नागमोडी आखडून, तोंड वासून उभं राहतं. शेपटीचं टोक इतकं भरभर थरथरतं की खालचा टिश्यू पेपर वाजतो. वजन जेमतेम १० ते १५ ग्रॅम, तरी झेप घेतंच. शेजारच्या डब्यातलं कॉर्न स्नेकचं पिल्लू तोवर कागदाखाली पसार झालेलं असतं. अमेरिकेत पहिलाच साप पाळायला निघालेल्या माणसाला ही दोन पिल्लं दाखवली तर तो कॉर्नच घेतो. बहुतेकांसाठी निवड बरोबर असते, पण कारण चुकतं. पिल्लाचा तापटपणा वर्षा-दीड वर्षात बहुधा ओसरतो. मोठ्या सापाची लांबी मात्र पंधरा-वीस वर्षं घरात राहते.

रॅट स्नेक म्हटल्यावर आपल्याला धामण आठवते. ती वेगळी, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित; ती घरात ठेवणं गुन्हा आहे. इथे बोलतोय ते अमेरिकेत पैदास केलेल्या पँथेरोफिस वंशातल्या बिनविषारी सापांबद्दल: कॉर्न, काळा रॅट स्नेक आणि टेक्सास रॅट स्नेक. तिथेही राज्यागणिक नियम बदलतात. न्यू जर्सीत कॉर्न स्नेक संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे आणि साप पाळायला परवाना लागतो. हवाईत साप ठेवताच येत नाही.

कॉर्नचं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटरचं, ५ ते ८ ग्रॅमचं. मोठा साप साधारण ९० ते १५० सेंटिमीटर. रॅट स्नेकची पिल्लं ३० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब निघतात, मोठी होऊन १८० सेंटिमीटरपर्यंत सहज जातात, काही त्याहून पुढे. काळ्या रॅट स्नेकचं पिल्लू काळं नसतं, राखाडी अंगावर गडद ठिपके असतात. काळेपणा वाढत्या वयात चढतो. विक्रेत्याने वेगळाच साप गळ्यात मारला, असं वाटून घेऊ नका.

आता खाण्याचं, कारण पहिल्या दोन महिन्यांत पिल्लं बहुतेक इथेच हातची जातात. आणि इथे पारडं उलटं फिरतं: चावरं पिल्लूच नीट जेवतं. जंगलात कॉर्नची पिल्लं लहान सरडे, बेडूक खातात. त्यामुळे काहींना उंदीर हे अन्न आहे हेच उमगत नाही. रॅट स्नेकचं पिल्लू अंगाने मोठं आणि भुकेचं खमकं, बहुधा पहिल्याच वेळी गिळतं.

दोघांनाही पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे जन्मानंतर साधारण ७ ते १० दिवस, काही देऊ नका. मग पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू, दर ५ ते ७ दिवसांनी एक. ती सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार मोठी नको. गोठवलेली पिंकी पिशवीत घालून कोमट पाण्यात वितळवा आणि देताना हाताला ऊबदार लागेल अशी ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ती बाहेरून शिजते आणि आतून गारच राहते.

कॉर्न खात नसेल तर पिंकी साबणाशिवाय धुवून द्या. जमलं नाही तर तिच्या डोक्याला छोटी चीर द्या आणि भोकं पाडलेल्या लहान डब्यात पिल्लू व पिंकी रात्रभर अंधारात एकत्र ठेवा. अजूनही नकार असेल तर पिंकीला सरड्याचा वास लावा. रोज रोज नवा प्रयोग केलात तर पिल्लू आणखी बिथरतं. दोन प्रयत्नांत चार-पाच दिवस जाऊ द्या.

खाल्लेलं ओकलं तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: भक्ष्य मोठं, जागा थंड, किंवा जेवणानंतर ४८ तासांच्या आत हाताळणी. १० ते १४ दिवस पोटाला विश्रांती द्या, पाणी ठेवा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. घाईने पुन्हा भरवलं तर पुन्हा ओकतं, आणि अशा दोन-तीन ओकाऱ्यांत पिल्लू दगावतं.

घर दोघांचं सारखंच. बुटांच्या खोक्याएवढा, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, एका टोकाला २८ ते ३० अंश, दुसऱ्या टोकाला २३-२४. हीट मॅट, म्हणजे डब्याखालची तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही लावू नका, पोट भाजतं. दोन्ही टोकांना लपायची जागा हवी, नाहीतर पिल्लू ऊब सोडून आडोसा निवडतं आणि अन्न पचत नाही. पेन्सिल जाईल एवढी फट पळून जायला पुरते. पुढे फरक पडतो: रॅट स्नेकला उंच, चढायला फांद्या असलेलं घर लागतं, आणि झाकणाला कुलूपही.

स्वभावाकडे पुन्हा येऊ. पिल्लाला वरून येणारा हात म्हणजे पक्षी. म्हणून हात बाजूने न्या, लपायचा आडोसा आधी बाजूला करा, पिल्लू खालून आधार देत सावकाश उचला. तीन-चार जेवणं नीट पचल्यावरच सुरुवात करा, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं. चावलं तर हात झटकू नका. दात मागे वळलेले असतात, मोडतात. त्याने टोचलं म्हणून लगेच डब्यात ठेवलंत तर चावलं की सुटका होते, हे ते शिकतं. शांत होईपर्यंत थांबा, मग ठेवा.

घाबरून चावणं आणि भुकेने चावणं ओळखता यायला हवं. घाबरलेलं पिल्लू मान आखडतं, डसतं आणि लगेच मागे सरतं. भुकेलं पिल्लू जीभ लपलपवत शांतपणे पुढे येतं, पकडतं आणि वेटोळं घालतं. हाताला उंदराचा वास असेल तर सर्वांत गरीब कॉर्नही हेच करतं, म्हणून आधी हात धुवा. साल्मोनेला या जिवाणूमुळे नंतरही धुवा, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साप घ्यायचा विचार पुढे ढकला.

तीन सापांत टेक्सास सर्वांत तापट. काळा रॅट स्नेक मोठा झाल्यावर बहुतेकदा कॉर्नइतकाच शांत होतो आणि आमच्या मते त्याला मिळायला हवी तेवढी पसंती मिळत नाही. पांढरा टेक्सास दिसायला देखणा, पण त्या वाणात डोळे बटबटीत बाहेर आलेली पिल्लं निघतात. घेताना दोन्ही डोळे बाजूने पाहा. कोणतंही पिल्लू घ्या, गोठवलेल्या पिंकीची निदान चार-पाच जेवणं तारखांसह लिहून मागा. घरी आणल्यावर आठवडाभर डबा उघडायचा तो फक्त पाणी बदलायला.