पापणी पडली, बाहुली मोठी झाली: क्लिप की कॉइल?

आपल्या सांगलीत पापणी पडली की लोक आधी चष्म्याच्या दुकानात जातात. पण बाहुलीही मोठी असेल, डोकं ठणकत असेल, पापणी बोटाने उचलल्यावर एकाची दोन माणसं दिसत असतील, तर त्याच दिवशी सीटी अँजिओग्राफी (मेंदूतल्या धमन्यांचा स्कॅन) करा. मेंदूतल्या धमनीचा फुगा डोळा हलवणारी तिसरी नस (नर्व्ह) दाबत असू शकतो. त्यावर दोन उपाय: क्लिपिंग आणि कॉइलिंग.

क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेला, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो तिथे, क्लिप लावतात. मग फुगा टोचून रिकामा करता येतो आणि नसेवरचा दाब तिथल्या तिथे उतरतो. अमेरिकन मेंदू-शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली पहिली क्लिप लावली, ती अशाच पापणी पडलेल्या रुग्णाला.

कॉइलिंगमध्ये मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी नेऊन फुगा प्लॅटिनमच्या तारेने भरतात. कवटीला हात लागत नाही, घरीही लवकर सोडतात. मात्र फुगा जागेवरच राहतो. त्याची धडधड थांबल्यावर नस सावकाश सावरते. तो पुन्हा भरतोय का, हे बघायला मिरजेच्या चकरा आल्याच.

नुसत्या डोळ्याचा विचार केला तर माझा कौल क्लिपला. वय झालेलं असेल किंवा फुगा फुटलेला असेल, तर बहुधा कॉइल. निर्णयाला आठवडे मात्र लावू नका. नस जितकी जास्त काळ दबून राहील, तितकी पापणी पूर्ण उघडण्याची शक्यता कमी.