टीव्हीवर जुन्या स्लाइड: फोटोंचा फोल्डर की व्हिडिओ?

सांगलीच्या पूरपट्ट्यात दमट कपाटातल्या स्लाइडवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या पारदर्शक चित्रावर, बुरशी धरते. तिला ओला बोळा लावू नका. बुरशीने पोखरलेला जिलेटिनचा थर पाण्याने सुटतो. रबरी ब्लोअरने धूळ उडवून २४०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा. आडव्या ३५ मिमी स्लाइडला उंचीत सुमारे २१७० पिक्सेल मिळतात, फोर-के टीव्हीला पुरेसे.

घरात बसून बघायचे तर पेनड्राइव्हवर फोल्डरच बरा: आजी एखाद्या चेहऱ्यावर अडली की रिमोटने तिथेच थांबता येते. पण फाइलींना १, २, १० अशी नावे दिली तर बरेच टीव्ही १ नंतर थेट १० दाखवतात. ००१, ००२ असे लिहा. प्रोग्रेसिव्ह जेपीईजी (टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत उघडणारी फोटोफाइल) काही टीव्ही उघडतच नाहीत. काही टीव्हींवर उभे फोटो आडवे पडतात, कारण फाइलमधली फिरवल्याची नोंद ते वाचत नाहीत. असे फोटो संगणकावर प्रत्यक्ष फिरवून सेव्ह करा.

साठीच्या समारंभाला, हॉलमध्ये, एच.२६४ चा (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत) एमपी४ व्हिडिओच हवा. क्रम पक्का राहतो, नावे आणि सनईही जोडता येते. ८० स्लाइड, प्रत्येकी ६ सेकंद, झाली ८ मिनिटे. मात्र एक साल चुकले तरी सगळे पुन्हा एक्स्पोर्ट करावे लागते. स्लाइडचे ३:२ चे चित्र १६:९ पडद्यावर ताणू नका, हरिपूरच्या घाटावरची माणसे बसकी दिसतील. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.